पुण्याला निघालेलं घर

शेजारचं माणूस मीठ मागायला आलं, तर त्यात सांगण्यासारखं काय आहे? काही नाही. पण एका संध्याकाळी तात्या आमच्या दारात उभे राहिले. डोक्यावर टोपी, पायांत फौजेतले बूट, हातात वाटी. आणि मला म्हणाले, "नमस्कार बाई. आमी परगावचं. पलीकडं मुक्काम टाकलाय. चिमूटभर मीठ मिळंल का?"

आता तात्या म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. मी लग्न होऊन पिंपरीत बिऱ्हाड थाटलं, त्या दिवशी टांग्यातून माझी ट्रंक याच माणसाने उतरवून घेतली होती. रोज सकाळी भिंतीपलीकडून "वैनी, दूध उतू चाललंय" असं ओरडून सांगणारा माणूस हा. त्यांना वासावरून कळायचं. मी म्हटलं, "तात्या, बरं नाही का वाटत?"

त्यांनी डोळे वटारले आणि आवाज खाली आणला. "वैनी, तालीम चाललीय. वळख दाखवू नका. पुन्यात आमाला कोन वळखनार हाय?"

मलाही मग चेव आला. मीठ आणून दिलं आणि विचारलं, "कुठून आलात म्हणायचे?"

"पिंपरीवरनं," तात्या गंभीरपणे म्हणाले, आणि आमच्याच अंगणात उभ्या असलेल्या त्यांच्या लॉरीत जाऊन बसले. त्यांचं स्वतःचं घर लॉरीपासून चार पावलांवर, आणि त्या घरात मिठाची बरणी काठोकाठ भरलेली. पण घराला कुलूप! किल्ली तात्यांच्या कडदोऱ्याला. तालीम संपेपर्यंत घरात कुणी पाऊल टाकायचं नाही असा हुकूम होता. कर्म माझं, दुसरं काय!

तात्या मूळचे सातारकडचे. लढाईच्या काळात फौजेत लॉरी चालवायचे. लढाई संपल्यावर पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला त्यांनी पत्र्याची शेड टाकली आणि मोटारी दुरुस्त करायला लागले. घाट चढून दमलेली किंवा घाट चढायला घाबरलेली, अशी प्रत्येक लॉरी त्यांच्या दारात थांबे. फौज सुटली तरी फौजेतला एक शब्द त्यांना सुटला नव्हता. तो म्हणजे बंदोबस्त. कुठलीही बातमी सांगा, तात्यांचा पहिला प्रश्न, "आनि बंदोबस्त?" आमच्या मुलीचं बारसं होतं, तेव्हा सगळे नाव काय ठेवताय म्हणून विचारत होते. तात्यांनी आल्या आल्या पाळण्याच्या कडीला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. चुन्याचा पोपडा माझ्या सासूबाईंच्या ताटात पडला, पण कडी हलली नाही. "आता घाला पोरीला," म्हणाले.

रहाटणीला एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. तात्यांनी बरोबर छत्री, दोरखंड आणि कंदील घेतला. वैशाखात छत्री म्हणून लोक हसले. नेमकी जेवणाच्या पंगतीत गॅसबत्ती फटकन विझली आणि नवरानवरीला उखाणे तात्यांच्या कंदिलाच्या उजेडात घ्यावे लागले. त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलण्याची सोय राहिली नाही. छत्री घरी ठेवायला मग ते पुन्हा कधीच तयार झाले नाहीत.

तर या माणसाने पुण्याला जायचं ठरवलं. पिंपरीहून पुणं ते केवढं? सकाळच्या गाडीत बसावं, बरोबर घेतलेले शेंगदाणे संपायच्या आत उतरावं. पण तात्यांना तिथे मुक्काम करायचा होता, आणि तोही स्वतःच्या घरात. आणि पुण्यात तर त्यांचं घर नव्हतं.

त्याचं कारण हौसा. तात्यांची एकुलती एक लेक, माझ्याच वयाची. तिला भवानी पेठेत दिली होती. सासरी लाकडाची वखार, माणसं खाऊनपिऊन सुखी, नवरा गरीब गाय. सासूबाईंना मात्र गुडघ्यांचं दुखणं, आणि दुखण्यापेक्षा दुखण्याचा बडेजाव मोठा. हौसाला माहेरी पाठवायची वेळ आली की गुडघे हटकून सुजायचे. "माहेर एवढं हाकेवर, मग राहायला कशाला हवं? सकाळी जा, संध्याकाळी ये," हे त्यांचं ठरलेलं. पंचमी तशीच, दिवाळी तशीच. हौसा धापा टाकत यायची. काकी, म्हणजे तात्यांची बायको, तिला जवळ घेऊन बसतात न बसतात तोच आगगाडीची वेळ व्हायची.

बरं, काकींनी तिकडे जाऊन राहावं, तर तात्यांचा नियम आडवा. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आपल्याकडची जुनी रीत. आता कोण पाळतंय ती! माझे वडील आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी फडताळात डोकावून पाहत. पण तात्यांनी ही रीत वज्रलेप केलेली. हौसाच्या लग्नाला आठ वर्षं होत आली होती आणि पाळणा हलला नव्हता. आठ वर्षांत काकी लेकीच्या घरी जात, बाहेरच्या खोलीत कोरड्या घशाने घटकाभर बसत आणि परत येत. माझ्यासारखीने कधीच त्या नियमाला काडी लावली असती.

त्या थंडीत काकींना ताप आला आणि चांगलाच लांबला. मी त्यांच्या उशाशी बसले होते. काकी तात्यांना म्हणाल्या, "मला काय नगं. एक रात पोरगी माज्याजवळ निजावी, एवढंच वाटतंय बगा."

तात्या उठले. टोपी घातली आणि निघून गेले. मला राग आला. म्हटलं, पाहा, बायको तापाने फणफणलीय आणि हा बाप्या चालला शेडकडे. काकी हिंडूफिरू लागल्या त्या सुमाराला एका सकाळी केवढा तरी खडखडाट झाला. बाहेर येऊन पाहते तर तात्या एक लॉरी दोन बैलांकडून ओढवून आणत होते. देहूरोडला फौजेच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होई, तिथली ती. एके काळी जखमी शिपाई न्यायची गाडी, आता स्वतःच जखमी झालेली.

"ह्यो बंदोबस्त," तात्या काकींना म्हणाले. "तू तिच्या घरात ऱ्हायचं न्हाई. ती तुझ्या घरात ऱ्हायला येत न्हाई. मंग घरच तिच्या दारात न्यायचं."

काकींनी कपाळावर हात मारला. पण मी पाहत होते ना, हात कपाळावर असला तरी चेहरा हसत होता.

मग दोन-तीन महिने नुसती ठोकाठोक. इंजीन तर तात्यांच्या डाव्या हाताचा मळ, ते आठवड्यात घुरघुरायला लागलं. वेळ गेला तो घराला. दोन्ही बाजूंना फळ्यांचे बाक, वर कपडे वाळत घालायची दोरी, कोपऱ्यात स्टो, पाण्याचं पिंप आणि पिंपाला पितळी तोटी. चाकावरच्या पत्र्याला बांधलेल्या डब्यात तुळस. काकींनी पाटा-वरवंटा आत ठेवला तेव्हा आमचे हे म्हणाले, "काकी, दोन दिवसांसाठी एवढा धोंडा कशाला?" काकी म्हणाल्या, "पाटा न्हाई त्ये घर कसलं?" आणि मग त्यांना आठवलं, घराला उंबरठा नाही. उंबरठ्याशिवाय माहेर कसं होणार? तात्यांनी मागच्या दारात सागाचा दांडगा उंबरठा ठोकला. त्याला अडखळून रोज एक माणूस लॉरीत साष्टांग नमस्कार घाली. पहिला मान आमच्या ह्यांचा.

वास्तुशांतही झाली. भटजींनी पंचांग उघडून विचारलं, "मुख्य दार कोणत्या दिशेला?"

"गाडी जिकडं तोंड करंल त्येच्या उलट्या," तात्या म्हणाले.

भटजी बराच वेळ लॉरीभोवती फिरले. शेवटी म्हणाले, "आपण असं करू, आठही दिशांची करून टाकू."

घर तयार झालं, पण तात्या निघतात होय? आधी तालीम! तालमीत घरची तीन माणसं. तात्या, काकी आणि तात्यांची मोठी बहीण आक्का. आक्कांना ऐकायला कमी येई आणि दिसायला त्याहून कमी. तात्यांनी सगळ्यांना लॉरीत बसवलं, आकुर्डीपर्यंत चक्कर मारली आणि परत आणून गाडी होती त्याच जागी उभी केली. मग मागे जाऊन दार उघडलं आणि पुकारा केला, "पुणं आलं! उतरा!"

आक्का उतरल्या. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून चहूकडे पाहिलं. "पुणं बाकी आपल्या पिंपरीवानीच हाय की रं," म्हणाल्या. मग मला न्याहाळलं. "आनि ही बाई आपल्या शेजारनीगतच दिसतीया." मी पदर तोंडात कोंबला. संध्याकाळी मी त्यांना ताक नेऊन दिलं, तर माझ्या पाठीमागे काकींना म्हणाल्या, "पुन्याची मानसं लईच सलगी करत्यात बया." तीन दिवस त्या पुण्यात राहिल्या आणि त्यांना पुणं मुळीच आवडलं नाही.

मिठाचा प्रसंग त्याच तालमीतला. त्यानंतर तात्यांना एकच चिंता उरली. हौसाच्या गल्लीत लॉरी शिरेल की नाही? एके सकाळी ते हातात गाठी मारलेली दोरी घेऊन पुण्याला गेले आणि ती अख्खी गल्ली मोजून आले. लेकीला न भेटता! काकी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "पोरीच्या दाराम्होरनं दोरी घेऊन फिरला, आनि वर बगितलं न्हाई!" तात्या म्हणाले, "भेटाया गेलो नव्हतो. मापाया गेलो हुतो."

पण तिकडे त्या गल्लीत हाहाकार उडाला होता. खाकी विजार, बूट, हातात दोरी, ओटा ते ओटा माप घेणारा करड्या मिशांचा माणूस. लोकांची खात्रीच पटली की रस्ता रुंद होणार आणि आपले ओटे जाणार. एकाने लगबगीने खुर्ची आणली. दुसऱ्याने चहा. तात्या म्हणाले, "मी या गल्लीत पान्याला शिवत न्हाई." कारण त्यांनी नियम ताणून ताणून लेकीच्या घरापासून अख्ख्या गल्लीला लावलेला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पेढे आले, तेही त्यांनी हाताने बाजूला सारले. इतका करडा साहेब गल्लीने जन्मात पाहिला नव्हता.

शेवटी मुहूर्त ठरला. मला बरोबर घेतलं त्याला दोन कारणं. एक, काकींना मोटार लागायची. आणि दुसरं तात्यांनीच सांगितलं, "विहीणबाईंशी बोलायला घरात जावं लागंल. तिथं चा दिला तर आमाला चालत न्हाई, आनि न घेऊन उठलो तर त्या रागावत्यात. तुमाला चा चालतो. तवा तुमी जायचं." म्हणजे मी वकील, आणि माझी फी एक कप चहा.

गाडी दापोडीचा पूल ओलांडून गेली तोवर सगळं बरं होतं. पुढे जकात नाक्यावर कारकुनाने हात केला. "काय माल आहे?"

"माल न्हाई. घर हाय," तात्या म्हणाले.

कारकून मागे जाऊन डोकावला. आत पाटा-वरवंटा, पिंप, गाद्या, उंबरठ्यापाशी रांगोळी, आणि बाकावर तीन बायका पाय हलवत बसलेल्या. "हे सगळं सामान शहरात आणताय ना?"

"सामान आमच्या घरात हाय. आमी आमच्या घरात हाय. घर चाललंय."

कारकुनाने टोपी काढून डोकं खाजवलं. चालत्या घराला काय लावायचं हे त्याच्या पुस्तकात नव्हतं. तेवढ्यात काकींनी आतून म्हटलं, "उनाचं उभं का? या आत, पानी प्या." तो आत आला. उंबरठ्याला अडखळला, पाणी प्याला, गुळाचा खडा खाल्ला, आणि म्हणाला, "जा बाबा. मी काही पाहिलंच नाही."

भवानी पेठेत आम्ही गल्लीच्या तोंडाशी वळलो मात्र, कुणीतरी ओरडलं, "आला रे आला! साहेब गाडी घेऊन आला!" आणि गल्लीत पळापळ सुरू झाली. ओट्यांवरच्या खाटा आत, वाळवणं आत, एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून आत. त्यामुळे झालं काय, गल्ली झाडल्यासारखी मोकळी झाली आणि लॉरी सरळ वखारीपर्यंत गेली. तात्या म्हणाले, "बगा वैनी, शिस्तीची वस्ती." आक्का उतरल्या, चष्मा पुसला आणि वैतागून म्हणाल्या, "पुन्हा पुणंच? किती येळा आनशील रं?"

मी नारळ आणि कुंकवाचा करंडा घेऊन वखारीवरच्या घरात गेले. हौसा स्वयंपाकघरात होती. मला पाहून ती धावतच आली, पण सासूबाई बाहेरच्या खोलीत पाटावर पाय पसरून बसल्या होत्या, म्हणून जागच्या जागी थबकली. मी सासूबाईंना कुंकू लावलं, चहा प्याले आणि म्हटलं, "तुमच्या विहीणबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलंय. त्यांच्या घरी."

"पिंपरीला? आणि आत्ता?"

"नाही हो. खाली."

त्या उठून खिडकीशी गेल्या. बराच वेळ खाली पाहत राहिल्या. "ही लॉरी? घर? अगं बाई, लोक काय म्हणतील! आणि मला मेलीला जिना कुठला उतरवतोय." असं म्हणत म्हणत त्या माझ्याआधी खाली पोचल्या. कुतूहलापुढे गुडघ्यांचं काय चालतंय!

उंबरठ्याला त्याही अडखळल्या. तात्यांनी हात न लावता पण अगदी अदबीने सांगितलं, "जपून विहीणबाई. उंबरा हाय. घर हाय ह्ये." काकींनी त्यांना बाकावर बसवलं, पाय धुवायला ऊन पाणी दिलं, ओटी भरली, पुढ्यात शेवयांची खीर ठेवली. विहीणबाईंनी दोरी ओढून पाहिली, पाट्यावरून हात फिरवला, पितळी तोटी चालू-बंद करून पाहिली, दोनदा. "पाणी कुठलं म्हणायचं हे?"

"पिंपरीचं," काकी म्हणाल्या.

"पाणीसुद्धा!" त्यांनी खिरीचा घोट घेतला, आणि वाटी पुन्हा पुढे केली.

मग तात्या समोर येऊन उभे राहिले. टाचा जुळवलेल्या, टोपी काखेत. एवढा सगळा खटाटोप या एका वाक्यासाठी होता. "विहीणबाई, हौसाला एका रातीसाठी म्हायारी धाडा."

विहीणबाईंचा हात सवयीने गुडघ्यावर गेला. "पाठवली असती हो. पण माझे गुडघे..."

"दुखलं तर खिडकीतनं निस्ती हाक मारा. वर येऊन चोळून दील आनि परत म्हायारी जाईल. जिन्याएवढंच लांब हाय."

विहीणबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गुडघ्याचा उपाय झाला, आगगाडीचा प्रश्न नव्हता, विहीण-व्याह्यांच्या जेवणाची सोयही बघायची नव्हती. सांगायला काही उरलंच नाही. काकींनी पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. विहीणबाईंना ते दिसलं असावं. शेवटी त्याही कुणाच्या तरी लेकीच होत्या. "न्या बाई," म्हणाल्या. "पण सकाळी नळाचं पाणी भरायला यायला हवं हं." आणि मग, जरा थांबून, "एवढं माहेर उचलून आणल्यावर नाही कसं म्हणू?"

हौसा खाली आली ती काखेत गाठोडं घेऊन. धुवट लुगडं, केसांत फूल. जिन्याएवढ्या प्रवासाला तिने सगळी तयारी केली होती. काकींनी तिला उंबरठ्याबाहेर उभं केलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि आत घेतलं. आत घेतलं ती थेट मांडीवरच. एवढी मोठी बाई, पण आईच्या मांडीवर डोकं ठेवून अशी निजली की हलेना. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "ही कोन म्हनायची?" आणि काकी पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "आपली हौसा हाय. ऱ्हायला आलीया."

मला वाटलं, झालं. काकींचं मागणं पुरं झालं, म्हणजे सगळं पुरं झालं.

दिवेलागणीच्या आधी हौसा वर जाऊन आली. येताना हातात पाण्याचा तांब्या. तात्या चाकाला दगड लावत होते, मी पायरीवर मेथी निवडत बसले होते.

"तात्या, पानी घ्या."

"पिंपात हाय की."

"पिंपातलं न्हाई. माज्या घरचं हाय."

तात्या उठून उभे राहिले. हात विजारीला पुसले. हौसा खाली मान घालून बोलत होती, पण आवाज काही खाली राहिना. "आठ वरसं झाली तात्या. मला काय हुयाचं न्हाई आता. समद्यांना ठाव झालंय, कुनी त्वांडावर बोलत न्हाई एवढंच. तुमी एकटंच कशापायी वाट बगत बसलाय? सोडा आता त्यो नियम. प्या."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठता येईना. तात्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. आता पितात, असंच मला वाटलं. त्यांनी तो थेंबभरही न सांडता पायरीवर ठेवला.

"हौसा," ते म्हणाले, "मी ह्ये पानी प्यालो तर त्येचा अर्थ काय हुईल, ठाव हाय? तुज्या बापानं आस सोडली, असा हुईल. तुजी सासू सोडंल. पेठ सोडंल. तू सोडलीस तरी तुला बोल लावनार न्हाई मी. पन मी न्हाई सोडनार. म्हनून पीत न्हाई. तुज्या घरात काय कमी हाय म्हनून न्हाई, बाळा."

बाळा! तात्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. आठ वर्षं आम्ही सगळ्यांनी तो नियम म्हणजे तात्यांचा फौजी हट्ट समजून त्याची थट्टा केली. हा माणूस आठ वर्षं एकटाच लेकीच्या पाळण्यावर पहारा देत उभा होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. काकींच्यासुद्धा. काकी दारात येऊन उभ्या होत्या आणि नवऱ्याकडे अशा पाहत होत्या, जणू त्याला आज पहिल्यांदाच पाहतायत.

हौसा तोंडावर पदर घेऊन हुंदके द्यायला लागली. तात्या गडबडले. जगात कशाचाही बंदोबस्त त्यांना येई, रडणाऱ्या लेकीचा येत नव्हता. हात पुढे केला, मागे घेतला, टोपी घातली, काढली. शेवटी म्हणाले, "रडू नगंस. भूक लागलीया मला."

"आई करतीया की."

"आईची रोजच खातो. तू थाप. पीठ आपलं, स्टो आपला, छप्पर आपलं. आता ह्यात कुठं नियम मोडतुया?"

लग्नाआधी तात्यांच्या डब्यातली भाकरी हौसाच थापायची, हे काकींनी तेव्हा मला हळूच सांगितलं. आणि नंतर? नंतर ती घटकाभरासाठी यायची. घटकाभरासाठी आलेल्या लेकीला चुलीपाशी कोण बसवतं? म्हणजे आठ वर्षं तात्यांनी तिच्या हातची भाकरी खाल्ली नव्हती, आणि कधी मागितलीही नव्हती.

हौसाने डोळे पुसले, पदर खोचला, परात ओढली. लॉरीत भाकरी थापल्याचा आवाज घुमायला लागला. वर खिडकीत विहीणबाई आल्या, पण त्यांनी हाक मारली नाही. तात्या आत मांडी घालून बसले, पुढ्यात ताट, ताटात मिरचीचा ठेचा. पहिली भाकरी टम्म फुगली. तात्यांनी ती हाताने मोडली आणि खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी तव्यावर असतानाच ताट पुढे केलं. डोळ्यांतून पाणी मिशांवर उतरत होतं, पण ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. हौसा थापत होती, शेकत होती, वाढत होती, आणि रडता रडता आता हसायलाही लागली होती. पिठाचा डबा खरवडायची वेळ आली.

"अवं, पुरं करा आता," काकी म्हणाल्या. "पोट दुखंल."

"दुखू दे," तात्या म्हणाले, आणि पुन्हा ताट पुढे केलं.